सर्व्हर व्यवस्थापन प्रणाली बसवताना होणाऱ्या नेहमीच्या चुका : महाविद्यालयीन शिक्षकांसाठी एक परिचय

प्रस्तावना

डेटा सेंटर म्हटले की नवी मुंबईतील ऐरोली, महापे येथील मोठमोठ्या इमारती डोळ्यांसमोर येतात. वाघोडियासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या भाषेच्या शिक्षकाचा त्यांच्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु महाविद्यालयाच्या कार्यालयामागे एक वातानुकूलित खोली असते. तिच्यात दोन-तीन सर्व्हर, एक यूपीएस आणि तारांचा गुंता असतो. प्रवेश, हजेरी, अंतर्गत गुण, ग्रंथालय, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सारे त्याच खोलीतून चालते. आकाराने लहान असले तरी ते डेटा सेंटरच होय, आणि मोठ्या डेटा सेंटरमध्ये होणाऱ्या बहुतेक चुका तेथेही होतात.

या विषयाकडे माझे लक्ष एका दुर्घटनेमुळे वळले. माझ्या परिचयाच्या एका महाविद्यालयात, मे महिन्याच्या सुट्टीत, सर्व्हरमधील एक डिस्क निकामी झाली. त्या सर्व्हरची रचना अशी होती की, एक डिस्क गेली तरी काम चालू राहावे; दुसरी गेली तर मात्र सर्व काही जावे. व्यवस्थापन प्रणालीने आपले काम चोख केले. तिने त्याच दिवशी सूचनेचा ईमेल पाठवला, आणि पुढेही पाठवत राहिली. परंतु ते ईमेल बदली होऊन गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर जात होते. जुलैमध्ये दुसरी डिस्क गेली. माहितीची राखीव प्रत काढलेली होती, पण तीही त्याच डिस्कसंचावर ठेवलेली होती. दोन वर्षांचे अंतर्गत गुण गेले. शिक्षकांच्या वह्यांमधून ते पुन्हा जुळवावे लागले. काही शिक्षक निवृत्त झाले होते, काहींनी वह्या ठेवल्या नव्हत्या. राहिलेले विषय सोडवण्यासाठी परीक्षेला बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांचे अर्ज वेळेत जाऊ शकले नाहीत.

मराठीतील ‘अनामत’ हा शब्द अरबी ‘अमानत’वरून आला आहे. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू असा त्याचा मूळ अर्थ. विद्यार्थ्याचे गुण, जन्मतारीख, दाखले ही अशीच अनामत आहे. ती सांभाळणाऱ्या यंत्राची मांडणी तंत्रज्ञ करतो हे खरे. पण मांडणी नीट झाली की नाही हे विचारण्याची जबाबदारी संस्थेतील शिक्षकांवरही येते. संगणक समितीवर आपल्यापैकी अनेकांची नावे असतात. काय विचारावे हे कळावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सर्व्हर आणि त्याचा रखवालदार

आपल्या घरच्या संगणकात आणि सर्व्हरमध्ये एक महत्त्वाचा फरक असतो. सर्व्हरच्या मुख्य पट्टीवर आणखी एक छोटा, स्वतंत्र संगणक बसवलेला असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर असे म्हणतात. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची स्मृती आणि बहुधा नेटवर्कची स्वतःची खाच असते. मुख्य सर्व्हर बंद असला तरी वीजजोडणी चालू असेपर्यंत तो जागा असतो. तो तापमान, पंख्यांची गती, डिस्कची प्रकृती पाहतो. इतकेच नव्हे, तर दूर बसलेल्या व्यवस्थापकाला सर्व्हर बंद-चालू करू देतो आणि त्यावर नवी कार्यप्रणालीही बसवू देतो. डेल कंपनीच्या सर्व्हरमध्ये त्याला आयड्रॅक, तर एचपीईच्या सर्व्हरमध्ये आयएलओ असे नाव आहे.

या रखवालदारांशी बोलण्याची सामाईक भाषा इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकार्ड आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली आयपीएमआय या नावाने ठरवली. तिची दुसरी आवृत्ती २००४ साली आली. पुढे २०१५ साली रेडफिश नावाची नवी पद्धत आली व आता तिचा वापर वाढतो आहे. अनेक सर्व्हरांचे रखवालदार एकाच पडद्यावर पाहता यावेत यासाठी वरच्या पातळीवर आणखी एक प्रणाली असते. काही कंपन्या ती आपापल्या सर्व्हरसाठी देतात. नॅगिऑस, झॅबिक्स यांसारख्या मुक्त प्रणाली विनामूल्य मिळतात. या दोन्ही पातळ्या मिळून ‘सर्व्हर व्यवस्थापन प्रणाली’ होते. आता तिच्या मांडणीतील चुकांकडे वळू.

१. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे

रखवालदाराच्या हाती घराच्या साऱ्या किल्ल्या असतात. अनेक वर्षे या यंत्रांवर ठरावीक नाव व ठरावीक पासवर्ड घालूनच ती विकली जात. दोन्ही माहितीपुस्तिकेत छापलेले असत, म्हणजे साऱ्या जगाला ठाऊक असत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांवर एकतर प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड असावा किंवा पहिल्या वापराच्या वेळी तो बदलणे भाग पडावे, अशी अट घातली. त्यानंतर परिस्थिती सुधारली. परंतु आपल्या महाविद्यालयांत आठ-दहा वर्षांपूर्वीचे सर्व्हर अजून चालू आहेत, हे विसरता कामा नये.

दुसरी चूक याच्याच पोटातली. पासवर्ड बदलला जातो, पण सर्वांसाठी एकच ठेवला जातो, आणि तो ग्रंथपाल, लेखापाल, बाहेरचा तंत्रज्ञ अशा पाच जणांना सांगितला जातो. मग कोणी काय केले याची नोंद राहत नाही. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे, आणि ज्याला फक्त पाहायचे आहे त्याला फक्त पाहण्याचाच अधिकार द्यावा. व्यक्ती संस्था सोडून गेली की तिचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे.

२. रखवालदाराला चव्हाट्यावर बसवणे

व्यवस्थापनाची वाहतूक सर्वसाधारण नेटवर्कपासून वेगळी ठेवावी, हा या क्षेत्रातील पहिला धडा आहे. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत एक मूलभूत दोष असल्याचे २०१३ साली उघड झाले. प्रवेश मागणाऱ्याची ओळख पटण्यापूर्वीच यंत्र पासवर्डपासून तयार केलेला एक संकेतांक त्याला देऊन टाकते. तो संकेतांक घरी नेऊन, सवडीने हजारो शब्द लावून पाहत पासवर्ड शोधता येतो. हा दोष एखाद्या कंपनीच्या चुकीमुळे आलेला नाही, तो नियमावलीतच आहे. म्हणून नुसत्या दुरुस्तीच्या आवृत्तीने तो जात नाही. ती वाटच परक्याच्या पोहोचेबाहेर ठेवणे आणि पासवर्ड लांब ठेवणे, हेच उपाय उरतात.

येथे एक बारकावा आहे. काही सर्व्हरमध्ये अशी मूळ योजना असते की, रखवालदाराच्या स्वतंत्र खाचेत तार लावलेली नसेल, तर तो आपण होऊन सर्व्हरच्या नेहमीच्या खाचेतून नेटवर्कवर येतो. ‘आम्ही ती तार लावलेलीच नाही, त्यामुळे धोका नाही’ असे समजणारी संस्था येथे फसते. संगणक प्रयोगशाळेत बसलेल्या विद्यार्थ्यालाही मग रखवालदाराचे दार दिसू शकते. मांडणीतच ‘फक्त स्वतंत्र खाच’ हा पर्याय निवडावा, किंवा वापर नसल्यास ती सोय बंद करावी.

नेटवर्कचे असे भाग न पाडल्यास काय होते, याचा मोठा दाखला आपल्याच देशात घडला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. रुग्णांची नोंदणी कित्येक दिवस हाताने, कागदावर करावी लागली. नेटवर्कची विभागणी योग्य नसल्याने हा शिरकाव झाला, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. तरीही रुग्णालयाच्या प्रणालीतील माहिती परत मिळाली, कारण एक राखीव सर्व्हर या हल्ल्यातून सुटला होता. विभागणी आणि राखीव प्रत या दोन्ही गोष्टींचे मोल या एकाच घटनेतून कळते.

३. घड्याळ न लावणे

ही चूक क्षुल्लक वाटते. रखवालदाराचे घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाहून वेगळे असते. ते लावले नाही, तर कारखान्यातील वेळ तरी राहते किंवा ग्रीनिचची वेळ तरी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री अडीच वाजता डिस्क काढली गेली की आदल्या दिवशी रात्री नऊ वाजता, हेच नोंदींवरून ठरवता आले नाही, तर त्या नोंदींचा पुरावा म्हणून उपयोग काय?

भारतात हा आता केवळ सोयीचा प्रश्न राहिलेला नाही. संगणकीय आणीबाणी हाताळणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांनुसार डेटा सेंटर, कंपन्या, सरकारी संस्था इत्यादींनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवावीत, नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि ठरवून दिलेल्या प्रकारचे हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावेत, असे बंधन आहे. चुकलेल्या घड्याळावर सहा तासही मोजता येत नाहीत.

४. सूचना कोणाकडे जाते हे न तपासणे

प्रारंभी सांगितलेली दुर्घटना याच प्रकारची होती. सूचना व्यक्तीच्या खात्यावर पाठवू नये, पदाच्या खात्यावर पाठवावी, आणि ते खाते किमान दोघांनी पाहावे. माणसे बदलतात, पद राहते. आपल्या कार्यालयातील आवक-जावक नोंदवही लिपिकाच्या नावाने नसते, कार्यालयाच्या नावाने असते; तोच नियम येथे लावावा.

दुसरे म्हणजे, सूचना खरोखर पोहोचते का हे पाहावे. गिटलॅब ही प्रोग्रामरांना सेवा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अनुभवी अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरील माहिती पुसून टाकली. राखीव प्रत शोधू गेले तेव्हा कळले की, नेहमीची प्रत काढण्याचे काम आवृत्तीतील विसंगतीमुळे अयशस्वीच होत होते. त्याची सूचना देणारे ईमेलही जात होते, पण आवश्यक स्वाक्षरीअभावी पलीकडची ईमेल-व्यवस्था ते नाकारत होती. सुदैवाने कोणीतरी सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत सापडली. यंत्रणा बोलत होती, ऐकणारा नव्हता. म्हणून मांडणीच्या दिवशी मुद्दाम एक तार काढावी, आणि सूचना येते की नाही ते मोबाईलवर पाहावे.

तिसरे, सूचनांचा भडिमारही नको. प्रत्येक लहानसहान गोष्टीचा ईमेल येऊ लागला की ‘लांडगा आला रे आला’ अशी गत होते, आणि खरा लांडगा आला त्या दिवशी कोणी फिरकत नाही. डिस्क जाणे, तापमान वाढणे, वीज जाणे, राखीव प्रत न निघणे अशा चार-पाच गोष्टींनी सुरुवात करावी आणि अनुभवाने वाढवत जावे.

५. डिस्कच्या जोडीलाच राखीव प्रत समजणे

एकाहून अधिक डिस्कवर माहिती वाटून ठेवण्याची रचना काम अखंड चालावे यासाठी असते. ती राखीव प्रत नव्हे. एचपीई कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या काही सॉलिड-स्टेट डिस्कबद्दल इशारा दिला. अंतर्गत आज्ञावलीतील दोषामुळे त्या डिस्क ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, एकाएकी बंद पडणार होत्या, आणि त्यातील माहिती परत मिळणार नव्हती. सर्व्हरमधील डिस्क आपण एकदमच विकत घेतो आणि एकाच दिवशी चालू करतो. म्हणजे जोडीतील सर्व डिस्क एकाच सुमारास जाणार! ज्यांनी व्यवस्थापन प्रणालीत आज्ञावलीची आवृत्ती तपासून वेळेत ती बदलली, ते वाचले.

यातून दोन नियम निघतात. आज्ञावलीच्या नव्या आवृत्त्यांकडे लक्ष ठेवावे, मात्र त्या सर्व सर्व्हरवर एकाच रात्री चढवू नयेत. आधी एकावर, आठवडाभर पाहून मग इतरांवर. आणि राखीव प्रत वेगळ्या यंत्रावर, तिची आणखी एक प्रत वेगळ्या इमारतीत असावी. दक्षिण कोरियातील देजॉन येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती जेथे साठवली होती, ती साठवण जळाली. तिची प्रत दुसरीकडे नव्हती. आपल्याकडे आगीइतकेच पाण्याचेही भय आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने बडोदे शहराची काय अवस्था झाली ते आपण पाहिले आहे. तळमजल्यावरील सर्व्हर आणि त्याच कपाटातील राखीव डिस्क दोन्ही एकाच पाण्यात बुडतात.

६. वीज जाण्याचा आणि येण्याचा क्रम न ठरवणे

यूपीएस घेतला जातो, पण यूपीएस आणि सर्व्हर यांच्यातील संदेशाची तार जोडली जात नाही, किंवा व्यवस्थापन प्रणालीत ती नोंदवली जात नाही. मग बॅटरी संपते तेव्हा सर्व्हर चालता चालता कोसळतो. बॅटरी विशिष्ट पातळीवर आली की सर्व्हरने आपण होऊन व्यवस्थित बंद व्हावे, अशी मांडणी हवी. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशाची वीज एकदम गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. जेथे अशी वेळ सहसा येत नाही तेथे ती आली, तर पावसाळ्यात आपल्या तालुक्याचे काय, हे सांगायला नको.

वीज परत येते तेव्हाचा क्रमही ठरवावा. आधी नेटवर्क, मग माहितीची साठवण, मग सर्व्हर, मग त्यांवरील प्रणाली. साठवण तयार होण्याआधी सर्व्हर सुरू झाला, तर त्याला आपली माहिती सापडत नाही आणि सोमवारी सकाळी प्रवेशाच्या खिडकीपुढे रांग लागते.

७. किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेणे

देखरेखीची प्रणाली ज्या सर्व्हरवर देखरेख ठेवायची त्याच्यावरच बसवली जाते. तो बंद पडला की देखरेखही बंद, आणि सूचनाही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीची डेटा सेंटरे एकमेकांपासून तुटली. दुरुस्ती करण्याची अंतर्गत साधनेही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. इतक्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपण एक जुना संगणक बाजूला ठेवून त्यावर देखरेख चालवण्याइतकी दक्षता घ्यायलाच हवी. पासवर्ड, पत्ते व जोडणीचा आराखडा यांची कागदी प्रत मोहोरबंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात असावी.

८. नावनिशी आणि लिपी यांकडे दुर्लक्ष

‘नवा सर्व्हर’, ‘नवा सर्व्हर २’, ‘जुना नवा सर्व्हर’ अशी नावे मी पाहिली आहेत. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम ॲलनसन बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. पुस्तकाची जागा, क्रमांक आणि नोंद ठरल्याशिवाय ग्रंथालय चालत नाही, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. सर्व्हरलाही तोच न्याय. स्थान, काम व क्रमांक सांगणारे नाव, खरेदीची तारीख, हमीची मुदत आणि जबाबदार पद यांची नोंद प्रणालीत असावी, व तीच चिठ्ठी यंत्रावर चिकटवलेली असावी.

शेवटी भाषाशिक्षकाचा म्हणून एक मुद्दा. मायएसक्यूएल या लोकप्रिय माहितीकोशात २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीपर्यंत मूळ लिपीसंच पश्चिम युरोपीय भाषांचा होता. मांडणी करताना तो बदलला नाही, तर मराठी किंवा उर्दूत भरलेल्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे साठवली जाऊ शकतात. ती नंतर कोणत्याही उपायाने अक्षरांत परत येत नाहीत, कारण मूळ अक्षर कोठेच उरलेले नसते. उर्दूत आणखी एक अडचण आहे. उर्दूची ‘छोटी ये’ आणि अरबी ‘ये’ शब्दाच्या मध्ये आली की सारखीच दिसते, पण संगणकासाठी ती दोन वेगळी चिन्हे आहेत. एकाने ‘समीना’ हे नाव उर्दू कळफलकावर भरले आणि दुसऱ्याने अरबी कळफलकावर शोधले, तर ती विद्यार्थिनी नोंदीत असूनही सापडत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी युनिकोड निवडावा, कळफलक एकच ठरवावा, आणि दहा-वीस खरी नावे भरून, शोधून, छापून पाहावीत. हे काम तंत्रज्ञाचे नाही, आपले आहे.

निष्कर्ष आणि सूचना

वरील चुकांपैकी एकही चूक महागडे उपकरण नसल्यामुळे होत नाही. मांडणीच्या दिवशी घाई होते, ‘नंतर बघू’ म्हटले जाते, आणि ते ‘नंतर’ येत नाही. संगणक समितीच्या पुढील बैठकीत पुढील प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते.

१) प्रत्येक सर्व्हरच्या रखवालदाराचा मूळ पासवर्ड बदलला आहे काय? कोणाकोणाची खाती आहेत?
२) प्रयोगशाळेतील संगणकावरून व्यवस्थापनाचे दार दिसते काय? प्रत्यक्ष करून पाहावे.
३) सर्व घड्याळे एकच वेळ दाखवतात काय?
४) सूचना कोणत्या पदाकडे जातात? शेवटची चाचणी केव्हा झाली?
५) राखीव प्रत कोठे आहे? तिच्यातून एका विद्यार्थ्याचे गुण परत काढून दाखवता येतील काय?
६) वीज गेल्यावर सर्व्हर आपोआप बंद होतो काय? बंद व चालू होण्याचा क्रम लिहिलेला आहे काय?
७) देखरेखीची प्रणाली वेगळ्या यंत्रावर आहे काय?
८) यंत्रांची नावे व नोंदवही जुळते काय? मराठी व उर्दू नावे जशीच्या तशी परत येतात काय?

यांपैकी पाचवा प्रश्न प्रथम विचारावा. राखीव प्रत आहे असे सर्वच सांगतात. ती उघडून दाखवा म्हटले की खरी स्थिती कळते. वर्षातून दोनदा, सुट्टी लागण्यापूर्वी आणि प्रवेश सुरू होण्यापूर्वी, ही तपासणी केली तर एका दुपारचे काम आहे. ती न केल्याने काय होते, हे परीक्षेचा अर्ज भरू न शकलेल्या विद्यार्थ्यांना विचारावे.